पोरगं फिट, बाप सिक

तायडेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, पाणी घेतलं नाही आणि आम्हाला 'बसा' म्हणायची संधीही दिली नाही. चपला दाराशी काढल्या, शर्टाच्या खिशातून स्टीलचा चमचा काढला आणि हॉलच्या फरशीवर उताणे झोपले. मग पाठीवर सरकत सरकत ते आमच्या मुलाच्या वॉकरखाली गेले.

कबीर तेव्हा दहा महिन्यांचा होता. वॉकरमध्ये उभा राहून तो खाली पाहू लागला. दोघांची नजरानजर झाली. काकांनी चमच्याच्या पाठीने त्याच्या उजव्या तळव्यावर हलकेच टक केलं, कान देऊन ऐकलं, मग डाव्या तळव्यावर. लंगोटाची कड दोन बोटांनी तपासली. कबीरने तोंड उघडलं तेव्हा त्यांनी तेवढ्यात त्याच्या हिरड्या पाहून घेतल्या. मग ते बाहेर आले, पँट झटकली, खडू काढला आणि वॉकरच्या पुढच्या पट्टीवर लिहिलं : सिक.

"सिक म्हणजे?" प्रसादने विचारलं. प्रसाद माझा नवरा.

"वरच्या हिरडीत दात येऊन राह्यला साहेब. ही गाडी शनिवारी निघत नाही."

एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. सगळी भेट सहा मिनिटांची. मी घड्याळ पाहिलं होतं.

सहदेव तायडे मूळचे मूर्तिजापूरचे. रेल्वेत गाडी-तपासनीस होते. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन चाकं वाजवत जाणारा जो माणूस दिसतो, तो. नोकरीत बदली होऊन जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि मुरलीपुऱ्यात घर केलं. तीस वर्षं जयपुरात काढूनही त्यांची वऱ्हाडी तशीच राहिली. फक्त 'मतलब' हा शब्द तिच्यात मिसळला. रेल्वेत दुरुस्तीसाठी बाजूला काढायच्या डब्यावर खडूने 'सिक' लिहितात. निवृत्तीनंतर काकांनी पद्धत बदलली नाही. फक्त डबे बदलले.

हे कसं घडलं, ते निकिताने सांगितलं. मालवीय नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर निकिताचा लहान मुलांचे फोटो काढायचा स्टुडिओ आहे. एकदा काकांच्या शेजाऱ्यांची नात तिथे तासभर रडत होती. आई, आजी आणि निकिता यांनी खुळखुळे, बाहुल्या, मोबाइल, सगळं करून पाहिलं. सोबत आलेले काका कोपऱ्यात बसले होते. ते उठले, मुलीजवळ जमिनीवर आडवे झाले आणि खालून पाहून म्हणाले, "फ्रॉकच्या अस्तरात टाचणी हाय." होती. दुकानातली टाचणी तशीच राहिली होती. ती काढल्यावर मुलगी हसली.

"वरून सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात," काका म्हणाले. "खालून पाहा."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून ते कितीदा म्हणतात, हे मोजण्याचा प्रयत्न मी सोडून दिला.

त्या दिवसापासून निकिताच्या स्टुडिओत एक नियम झाला. फोटोच्या आधी काका घरी जाऊन बाळाची तपासणी करतात. फिट असेल तर चिठ्ठी देतात. चिठ्ठी नसेल तर निकिता कॅमेरा काढत नाही. "अंकलजी ने पास किया तो बच्चा रोता नहीं," ती म्हणते, "और नहीं किया तो मैं रिस्क नहीं लेती."

काकांचे नियम छापलेले नाहीत, पण ठाम आहेत. लस टोचल्यावर आठवडाभर फोटो नाही. फोटोचे कपडे आदल्या दोन दिवसांत घरी घालून पाहायचे. नवा कपडा थेट कॅमेऱ्यासमोर न्यायचा नाही. आईने रोजचंच तेल लावायचं, रोजचाच साबण वापरायचा, आईच्या अंगाचा वास बदलता कामा नये. आत्या, मावशी, काकू यांच्यापैकी एकीलाच आत प्रवेश. 'स्माइल, स्माइल' म्हणणाऱ्या नातेवाइकाला बाहेर काढायचं. कॅमेऱ्याच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून तीन दिवस बाळाच्या आसपास स्टेपलर वाजवायचा. आमच्या घरी पिना संपल्या तरी प्रसाद तो वाजवत होता.

जयपूरजवळच्या चौमूं गावातल्या एका घराची गोष्ट मी दोन वेगळ्या माणसांकडून पडताळून घेतली आहे. आजोबांची इच्छा होती की सात महिन्यांच्या नातवाचा फोटो साफा बांधून काढावा, नवरदेवासारखा. काकांनी पाहणी केली. "डोक्यावर लोड नवा हाय. सवय पाह्यजे." उपाय असा निघाला की, दोन दिवस घरातल्या सर्व पुरुषांनी साफा बांधूनच वावरायचं, म्हणजे बाळाला ते नेहमीचं वाटेल. आजोबा, वडील, दोन काका आणि दूधवाला यांनी तसं केलं. दूधवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं घरात लग्न आहे. तिसऱ्या दिवशी फोटो उत्तम आला. मात्र घरी परतल्यावर सगळ्यांनी साफे उतरवले आणि बाळ या अनोळखी माणसांकडे पाहून संध्याकाळपर्यंत रडलं.

"ते माह्याकडं नाही," काका म्हणाले. "मी फोटोपर्यंतचा."

आता आमचं. आम्हाला घाई होती आणि घाईचं कारण कबीरच्या डोक्यावर होतं.

कबीरला जन्मापासून दाट, काळे, कुरळे केस. प्रसादला पस्तिसाव्या वर्षी टक्कल आहे आणि माझे केस सरळ. हे केस प्रसादच्या आईचे. कबीर जन्मण्याच्या वर्षभर आधी त्या गेल्या. त्यांचे जे फोटो घरात आहेत त्या सर्वांत डोक्यावर पदर आहे, म्हणजे केस कुठेच नाहीत. प्रसाद यावर कधी बोलत नाही. तो फक्त कबीरला आंघोळ घातल्यावर टॉवेल घेऊन गरजेपेक्षा जास्त वेळ त्याचं डोकं पुसत बसतो.

आणि अकराव्या महिन्यात जावळ ठरलं होतं. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, म्हणून माझा भाऊ मिरजेहून येणार होता. त्याला मिळालेली सुट्टी एका रविवारची. त्याआधी तीन शनिवार होते. त्या तीनपैकी एका शनिवारी ते कुरळे केस फोटोत आले तर आले, नाहीतर न्हाव्याच्या पुढ्यातल्या परातीत जाणार होते. पुन्हा उगवतील ते तसेच उगवतील याची खात्री कोणी देत नाही.

पहिला शनिवार दाताने घेतला. दात खरंच आला, बुधवारी, वरचा डावा.

दुसऱ्या तपासणीला काका आले, झोपले, वॉकरखाली गेले. यावेळी जास्त वेळ राहिले. कबीर आता त्यांना ओळखत होता. त्याने वाकून त्यांच्या नाकावर हात ठेवला. काकांनी तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग बाहेर येऊन लिहिलं : सिक.

"आता काय?" मी विचारलं.

"डाव्या कानामागं घामोळं हाय, ताई."

मी पाहिलं. मे महिना होता. मला काही दिसलं नाही.

"मला दिसत नाही."

"तुमी वरून पाहून राह्यल्या."

प्रसाद ऑफिसातून आला तेव्हा वॉकरवरचा खडू पाहून त्याने बॅग सोफ्यावर आपटली. "दुसरा शनिवार गेला. आपण त्यांना घरी कशासाठी बोलावतो? मी मोबाइलवर काढतो फोटो." त्याने काढले. चाळीस काढले. अडतिसांत कबीर बापाच्या चेहऱ्यावरचा ताण पाहून रडत होता, उरलेल्या दोनांत प्रसादचा अंगठा होता.

तिसरी तपासणी गुरुवारी झाली. प्रसादने अर्धी रजा टाकली होती. काका फरशीवर झोपले तसा प्रसादही गुडघ्यांवर बसला.

"दात?" प्रसादने विचारलं.

"आला."

"घामोळं?"

"गेलं."

"पोट?"

"साफ."

"मग लिहा ना काका, फिट!"

काका उठले, तसा प्रसादही उठला. त्यांनी प्रसादकडे खालून वर, पायांपासून कपाळापर्यंत, सावकाश पाहिलं. मग चमच्याने त्याच्या गुडघ्यावर टक केलं.

"पोरगं फिट हाय," ते म्हणाले. "बाप सिक हाय."

"काय?"

"तुमी त्याच्याकडं पाह्यलं की त्याची मान आखडते. इंजिन धक्के देऊन राह्यलं, मतलब डब्यात पाणी सांडणारच." आणि त्यांनी प्रसादच्या लॅपटॉपच्या बॅगेवर खडूने लिहिलं : सिक. प्रसाद आयटी कंपनीत टीम सांभाळतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला तिघांनी तब्येत विचारली.

"रविवारी जावळ आहे," मी काकांना म्हणाले. "शनिवारनंतर केस नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

काका खडू हातात फिरवत उभे राहिले. 

"बापाचा डबा काढून गाडी चालवू," शेवटी ते म्हणाले आणि चिठ्ठी दिली. 'चि. कबीर. रनिंग फिट. वडील जोडू नयेत.'

शनिवारी सकाळी अकराला आम्ही स्टुडिओत पोचलो. प्रसादला जिन्याखाली, एका कोचिंग क्लासच्या दारात उभं करण्यात आलं. वर पांढरा पडदा, मोठा दिवा, वेताची छोटी खुर्ची. या खुर्चीमागे एक चादर टांगलेली असते आणि चादरीमागे तायडेकाका असतात. लहान मुलं नीट बसत नाहीत. काका चादरीच्या फटीतून दोन हात काढून बाळाची कंबर धरतात. फोटोतले हात निकिता नंतर कॉम्प्युटरवर पुसते. ग्राहकाला मिळतं ते एकटं, राजासारखं बसलेलं बाळ.

कबीर बसला. कॅमेऱ्याकडे त्याने पाहिलं नाही. मागे वळून चादर उचलली, काकांना पाहिलं आणि खदखदून हसला. निकिताला त्याची पाठ मिळाली. असं नऊ वेळा झालं.

"अंकलजी, आप हँसाओ मत ना!"

"मी काईच करून नाही राह्यलो जी," चादर म्हणाली.

दहाव्या वेळी तो पुढे वळला आणि वीज गेली. मोठा दिवा गेला, एसी गेला. पाच मिनिटांत खोली तापली. दहा मिनिटांत कबीरचे केस घामाने कपाळाला चिकटले. कुरळे केस सरळ झाले आणि तो माझ्या बाजूचा दिसू लागला. मग तो रडू लागला. काकांनी चिठ्ठी दिलेलं बाळ त्या खोलीत यापूर्वी रडलं नव्हतं.

निकिताने वीज कार्यालयात फोन केला. वीज संध्याकाळपर्यंत येईल, कदाचित त्याहून उशिरा. "दीदी, कल सुबह कर लें? पहला स्लॉट आपका."

"सकाळी आठला न्हावी येणार आहे," मी म्हणाले.

 कबीर रडतच होता. चादरीमागून काकांचे हात त्याच्या कमरेभोवती होते आणि एक बोट त्याच्या पोटावर हलकेच टक टक करत होतं. 

"ताई," चादर म्हणाली, "साहेबाले बोलवा."

"तुम्ही वडील जोडू नयेत लिहिलंय."

"बोलवा ना बाप्पा!"

प्रसाद दोन मजले धावत आला. हातात कोचिंग क्लासची एक जाड, गुळगुळीत जाहिरात होती. खाली उभं राहणाऱ्या प्रत्येकाला देतात ती. दारात थांबून त्याने आधी चादरीकडे परवानगीसाठी पाहिलं.

"खिडकी उघडा," काका म्हणाले. "अन् वारा घाला. त्याच्याकडं पाहू नका. केसाकडं पाहा."

निकिताने खिडकी सताड उघडली. प्रसाद कॅमेऱ्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि ती जाहिरात दोन्ही हातांनी हलवू लागला. फोटोचं तो विसरला. फक्त ते केस वाळावेत एवढंच त्याच्या तोंडावर होतं. आधी एक बट सुटली, मग दुसरी. रडणं उचक्यांवर आलं. केस वर उठले, डोक्याभोवती उडू लागले, आणि स्वतःच्याच केसांचा गालाला होणारा स्पर्श कळून कबीर चकित झाला. मग बापाकडे पाहून हसला. दात दाखवून, वरचा डावाही.

निकिता थांबली नाही. खिडकीच्या उजेडात तिने जेवढे मिळाले तेवढे फोटो काढले.

संपल्यावर काका बराच वेळ चादरीतून बाहेर आले नाहीत. प्रसादने चादर उचलली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, पायाला मुंग्या आल्या.

रविवारी जावळ झालं. कबीर मामाच्या मांडीवर एकदाही रडला नाही. रडला तो प्रसाद, गॅलरीत जाऊन.

बुधवारी मी फोटो आणायला गेले. मोठा फोटो तयार होता : उडणारे केस, हसणारा कबीर, मागे पांढरं. निकिताने सोबत एक लहान पाकीट दिलं. "ये अंकलजी का है. उधर जाओ तो दे देना."

"काय आहे?"

"बिना साफ किया हुआ. हर बच्चे का एक लेते हैं. बोलते हैं रेकॉर्ड के लिए."

त्याच संध्याकाळी पेढे घेऊन आम्ही तिघं मुरलीपुऱ्याला गेलो. प्रसादला माफी मागायची होती, कशाची ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. काकांनी दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा 'बसा' म्हणाले.

खोली स्वच्छ. कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, शेजारी पत्नीचा, कमलकाकूंचा फोटो. उरलेल्या भिंतीवर बाळं होती. मी मोजली, चौसष्ट. साफा घातलेलं, झबल्यातलं, टोपलीतलं, एक नुसतंच जांभई देणारं. प्रत्येक फोटोत एक बाळ आणि त्याच्या कमरेभोवती दोन हात. एकात कोपर होतं, एकात अर्धा कान. चेहरा कशातच नव्हता.

"हा चौमूंवाला," काका बोट दाखवत म्हणाले. "आता चालत असंन. ही पहिली, टाचणीवाली. ते शेजारी घर सोडून गेले. हिची आता शाळा सुरू झाली असंन."

"भेटायला येतात?" प्रसादने विचारलं.

"काहून येतील? फिट गाडी निघून जाते साहेब. आपल्याजवळ राह्यते ती फक्त सिक." ते पाकिटातून कबीरचा फोटो काढून पाहत राहिले. "कमल असती तर तिले लय आवडला असता. आमच्या लायनीवर गाडी आलीच नाही कधी."

मला पंधरा वर्षांच्या बातमीदारीची सवय आहे. प्रश्न मनात आला की विचारला जातो.

"काका, दात येत होता, ते खरं. घामोळं होतं का?"

त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, कडा टेबलाच्या कडेशी जुळवल्या.

"थोडंसं होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "नव्हतं, ताई."

प्रसादने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे एक शनिवार फुकट गेला होता. त्या दिवशी खिडकीचा उजेड नसता, वारा नसता, तर ते केस कुठेच उरले नसते. हे तिघांनाही कळत होतं. काका मान खाली घालून बसले. निर्णय ऐकायला बसतात तसे.

मांडीवरचा कबीर घसरत खाली उतरला. रांगत जाऊन त्याने काकांच्या गुडघ्याला धरलं आणि उभा राहिला. काकांचे हात आपोआप त्याच्या कमरेभोवती गेले. नवीन टकलावर त्यांनी तळहात फिरवला, एकदा, मग पुन्हा.

"डोस्कं कोरडं पडलं," ते हळूच म्हणाले. आमच्याकडे न पाहता. "जरा पाहावं लागन. चार-आठ दिस."

कबीरच्या डोक्याला मी निघताना खोबरेल चोपडलं होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात ते चमकत होतं. काकांच्या तळव्यालाही लागलं होतं.

"हो," प्रसाद म्हणाला. "मलाही कोरडंच वाटतंय. मंगळवारी या."